माझ्या दीर्घिकेला हात नाहीत

कमिटीच्या सभेत खरं कारण कधी सांगू नये, एवढी अक्कल मला आहे. गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्यावर जाहिरातीचा फलक लावायचा, दुमजली उंच, रात्रभर दिव्यांनी झगमगणारा, असा विषय निघाला तेव्हा मी 'कठड्याला भार सोसणार नाही' म्हणू शकलो असतो. 'वारा अडेल' म्हणू शकलो असतो. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर तर वारा अडतोय म्हटलं की कोणाच्याही बाजूने हात वर करतात. पण त्या दिवशी जीभ माझ्या ताब्यात नव्हती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझा विरोध आहे. त्या बाजूला माझी दीर्घिका आहे."

शेजारी बसलेल्या बायकोने माझ्यापासून खुर्ची थोडी लांब सरकवली.

"त्या बाजूला पाण्याचा पाइप आहे," सेक्रेटरी म्हणाले.

आता दीर्घिका म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सभेत मला सांगू दिलं नाही. उत्तरेच्या आकाशात सप्तर्षींची चौकट आणि ध्रुवतारा यांच्यामध्ये एक जागा आहे. तिथे नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. दुर्बिणीतून मात्र एक फिकट, लांबट डाग दिसतो; काचेवर कोणी श्वास सोडून गेल्यासारखा. तो डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. तिला नाव नाही, यादीतला नुसता क्रमांक आहे. तिच्यापासून उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता, आणि माणूस नव्हता म्हणजे कमिटीही नव्हती.

कॅलेंडरवर छापतात त्या दीर्घिका वेगळ्या. त्यांना भोवऱ्यासारखे गरगरीत हात असतात, निळे-गुलाबी रंग असतात. माझी लंबवर्तुळाकार आहे. तिला हात नाहीत, रंग नाही, कसला म्हणून नखरा नाही. नवे तारे जन्माला घालायचं तिने केव्हाच बंद केलंय आणि आहे त्या ताऱ्यांवर ती समाधानाने बसलीय. मला ती पहिल्या भेटीतच आवडली. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. दिवसभर माझ्यासमोर अशी माणसं येतात ज्यांनी न घडलेला अपघात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळे जे आहे तेवढंच दाखवणारी कोणीही भेटली, मग ती कितीही कोटी प्रकाशवर्षं दूर असो, मला तिच्याबद्दल आदर वाटतो.

सेक्रेटरी निवृत्त अधिकारी आहेत. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा कारभार आमच्यावर चालतो. ते म्हणाले, "पुराव्याशिवाय सभा निर्णय घेत नाही. पुढची सभा शनिवारी अंधार पडल्यावर गच्चीवर घेऊ. सभासदांनी स्वतः बघावं आणि मत द्यावं. दिसली, तर फलक रद्द. नाही दिसली, तर फलक लागेल आणि तुमची दुर्बीण टाकीखालच्या खोलीतून हलेल."

"कुठे हलेल?" मी विचारलं.

"तुमच्या घरात."

"घरात ती आली तर टाकीखाली तुम्ही," बायको हळूच म्हणाली. ती एरवी सभेत बोलत नाही.

तर असा सगळा मामला होता. शनिवारपर्यंत माझी दीर्घिका इमारतीला दाखवायची, नाहीतर ती मला स्वतःलाही पुन्हा दिसणार नव्हती. मी तिथल्या तिथे 'मंजूर' म्हणालो. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मला सांगा, ती खरंच दिसते का?" लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईने नवऱ्याला विचारायचा हा प्रश्न नाही. मी जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावर शिकवणी घेणारे सर आहेत; त्यांना न येणारा विषय अजून निघायचाय. ते म्हणाले, "काका, एवढा आटापिटा कशाला? मोबाइलवर फोटो दाखवा आणि मोकळे व्हा." मी म्हणालो, "सर, उद्या मुलांनी परीक्षेला स्वतःऐवजी फोटो पाठवला तर चालेल का?" ते म्हणाले की हल्ली तसंही होतं.

दाताच्या डॉक्टरांचं प्रेम जास्त महागात पडलं. मी ऑफिसात असताना त्यांनी बायकोकडून टाकीखालच्या खोलीची किल्ली घेतली आणि दुर्बिणीचा मोठा आरसा आपल्या दवाखान्यातल्या औषधाने पुसून दिला. दात बघायचा आरसा आणि तारे बघायचा आरसा यांत त्यांनी भेदभाव केला नाही. संध्याकाळी मी डोळा लावला तर जिकडे पाहावं तिकडे दीर्घिका. एकेका ताऱ्याभोवती एवढं धुकं होतं की सगळं विश्व एकदम माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं वाटलं. डॉक्टर शेजारीच उभे होते. म्हणाले, "बघा, आता कोणीही नाही म्हणणार नाही." दुसरा कोणी असता तर त्याने आरसा तसाच ठेवला असता. मी तो काढला, न्हाणीघरात नेला, साबणाच्या पाण्यात बाळाला घालावी तशी अंघोळ घातली. बाहेरून बायको दार वाजवत होती आणि मी 'आरसा धुतोय' म्हणून ओरडत होतो. त्यावर ती म्हणाली की भिंतीवरचा आरसा महिनाभर सांगतेय, तो कधी धुतला नाहीत.

पण खरा अडथळा वेगळाच होता. इमारतीसमोर रस्त्यावर पालिकेचा दिवा आहे. पिवळा, म्हातारा, पण त्याचा उजेड तिरपा गच्चीवर यायचा. शनिवारी दोन तासांपुरता तो बंद ठेवावा एवढीच माझी विनंती घेऊन मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पालिकेच्या दिवाबत्ती विभागात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "दिवा लागत नाही का?"

"लागतो."

"मग लुकलुकतो?"

"नाही. चांगला लागतो. तीच अडचण आहे."

"दिवा लागत नाही ही तक्रार असते," तो शांतपणे म्हणाला. "दिवा लागतो ही तक्रार नसते. तुम्ही तिसरे आज. सकाळी एकाला खड्डा हवा होता."

मी त्याला दीर्घिकेबद्दल सांगितलं. सप्तर्षी सांगितले, ध्रुव सांगितला, ती किती लांब आहे ते सांगितलं. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाला, "ती आपल्या हद्दीत येते का?" नाही म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला. पण माणूस भला होता. मला रिकाम्या हाताने पाठवणं त्याच्या जिवावर आलं. म्हणाला, "एक करतो. दिवा नादुरुस्त अशी नोंद करतो. दुरुस्तीला माणसं आली की तेवढा वेळ तो बंद राहील. तुमचं काम होऊन जाईल." मी त्याचा हात हातात घेऊन आभार मानले. सरकारी माणसांबद्दल आपण उगाच वाईट बोलतो, असंही घरी येऊन बायकोला ऐकवलं.

माणसं शुक्रवारी आली. शिडीवर चढली, म्हातारा पिवळा दिवा उतरवला आणि त्या जागी असा एक पांढराशुभ्र दिवा बसवून गेली की संध्याकाळी आमच्या गच्चीवर सुई सांडली असती तरी सापडली असती. पक्षी घरट्याकडे निघाले होते ते परत फिरले. सेक्रेटरी मुद्दाम वर आले, वर्तमानपत्र उघडून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "तुमच्या अर्जाचा इमारतीला फायदा झाला. पुढच्या सभेत अभिनंदनाचा ठराव मांडतो." माणूस पडला की त्याच्या पाठीवर हात फिरवणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते.

त्या रात्री मी जाहीर केलं की मी माघार घेणार नाही. जाहीर केलं म्हणजे स्वयंपाकघरात उभं राहून बायकोला सांगितलं. तिने भांडी विसळता विसळता विचारलं, "चादरी किती लागतील?"

मला कळलं नाही.

"दिव्याच्या बाजूला दोरी बांधून चादरी टाकायच्या. अंधार होईल. कुठल्या चादरी ते मी ठरवणार, नव्यांना हात लावायचा नाही."

मला एकदम भरून आलं, पण भांड्यांच्या आवाजात ते सांगायचं राहून गेलं.

शनिवारी अख्खी इमारत वर आली. कोणी सतरंजी आणली, कोणी सरबत. अंधाराला डोळे सरावायला हवेत, निदान अर्धा तास मोबाइल उघडायचे नाहीत, असं मी बजावलं. लोकांनी ते मान्य केलं आणि मी बजावलंय हे ज्यांना कळलं नव्हतं त्यांना कळवायला लगेच मोबाइल उघडले. सात कोटी वर्षं न थकता चालत आलेला उजेड आणि अर्धा तास गप्प न बसणारी माणसं यांची गाठ घालून द्यायची जबाबदारी माझ्यावर होती. शेवटी बायकोने एक पिशवी फिरवली आणि सगळे मोबाइल गोळा केले. तिला कोणी नाही म्हणालं नाही.

मी सप्तर्षींवरून ध्रुवाकडे सरकत सरकत तिला शोधलं. होती. चादरींच्या आडोशाला, फिकट, नेहमीच्याच जागी. मग एकेकजण डोळा लावू लागला आणि मी मधूनमधून दुर्बीण सरकवून तिला मधोमध आणत राहिलो.

"काळं दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"माझं मत विचाराल तर अंधार आहे," सर म्हणाले.

याचं कारण साधं आहे. इतकी फिकट वस्तू सरळ टक लावून पाहिली की नाहीशी होते. तिच्या जरा कडेला पाहायचं आणि लक्ष मात्र तिच्याकडे ठेवायचं, की डोळ्याच्या कोपऱ्यात ती हळूच उमटते. हे मी प्रत्येकाला समजावलं. पण सरळमार्गी माणसांची वस्ती. सगळे डोळे फाडून थेट तिच्याकडेच बघत होते. सेक्रेटरी एका बाजूला हात मागे बांधून उभे होते आणि फलक कुठून कुठपर्यंत येईल ते मान फिरवून मोजत होते.

एवढ्यात तळमजल्यावरच्या मावशी वर आल्या. या मावशींना इमारतीत सगळे घाबरतात. त्या दिवसभर खिडकीत विणकाम घेऊन बसतात. त्यांची मान कधी वर होत नाही, टाका कधी चुकत नाही, आणि कोण किती वाजता कोणाबरोबर आलं, हातात काय होतं, जाताना ते होतं की नव्हतं, हे त्यांना सगळं ठाऊक असतं. त्यांनी एकदा 'पाहिलं' म्हटलं की त्यावर अपील नाही.

"कुठे बघायचं?" त्यांनी डोळा लावत विचारलं.

"मावशी, तिच्याकडे सरळ बघू नका. दुसरीकडेच बघतोय असं दाखवायचं, पण लक्ष—"

"हे मला शिकवतोस होय रे?" मावशी म्हणाल्या. "ही काय. लांबट आहे. मधे जरा उजळ, कडेला विरत गेलेली. वरच्या अंगाला एक बारीक चांदणी. बरोबर?"

तंतोतंत बरोबर होतं. मी तिथल्या तिथे त्यांना वाकून नमस्कार करणार होतो, पण सेक्रेटरी पुढे आले. "मावशी, तुमचं वय झालंय. डोळ्यांवर किती विसंबायचं?"

मावशींनी दुर्बिणीवरून डोळा हटवला, सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "माझ्या डोळ्यांचंच विचारतोयस तर सांगते. तो फलकवाला गुरुवारी दुपारी तुझ्याकडे आला तेव्हा हातात भलं मोठं खोकं होतं. गेला तेव्हा हात हलवत गेला. खोक्यावर पंख्याचं चित्र होतं. उभा पंखा. सांगू रंग?"

यावर जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. पंखा बहिणीसाठी होता, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. बहिणीला थंडी सोसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी वाऱ्याचा मुद्दा काढला. बराच वेळ असा गेल्यावर सेक्रेटरींनी घाम पुसला, आपण होऊन दुर्बिणीकडे गेले, डोळा लावला न लावला आणि मोठ्याने म्हणाले, "दिसली. छान दिसतेय. मावशी म्हणतात ते बरोबर आहे. विषय संपला."

त्यांना दिसली म्हटल्यावर सगळ्यांना दिसायला लागली. रांग भराभर पुढे सरकली. "आहे, आहे." "केवढी मोठी." बायको माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो आणि सहज म्हणून एकदा डोळा लावला.

तिथे काहीही नव्हतं. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही आणि पृथ्वी कोणाच्या भांडणासाठी फिरायची थांबत नाही. पंख्याचा वाद चालू असताना दीर्घिका दृष्टीच्या टापूबाहेर निघून गेली होती. सेक्रेटरींपासून पुढे प्रत्येकाने रिकामं आकाश पाहून माना डोलावल्या होत्या.

मी गप्प बसणार होतो. खरंच बसणार होतो. फलक रद्द होत होता, दुर्बीण राहत होती, उत्तर दिशा माझी होती. पण तेवढ्यात सर डोळा हटवून म्हणाले, "वा काका. दोन्ही हात अगदी स्पष्ट दिसले. भोवऱ्यासारखे."

"माझ्या दीर्घिकेला हात नाहीत," मी म्हणालो.

"आहेत ना. मी आत्ता पाहिले."

"नाहीत. ती लंबवर्तुळाकार आहे. आणि आत्ता ती तिथे नाहीच. ती मघाच सरकली. मावशींनंतर कोणालाही काहीही दिसलेलं नाही."

बायकोने मागून माझा सदरा ओढला. "अहो, मिळतंय ते घ्या की."

"नाही घेणार. मी परत लावून देतो. एकेकाने नीट बघा. नाही दिसली तर नाही म्हणा. फलक लागला तर लागू दे, पण न पाहता पाहिली म्हणून माझ्या दीर्घिकेवर कोणी उपकार करायचे नाहीत."

सेक्रेटरी लाल झाले असावेत. अंधारात कळलं नाही. "म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तुम्हाला दिसणं शक्य नव्हतं, एवढंच म्हणतोय."

"मला दिसली." त्यांचा आवाज चढला. "मी इतकी वर्षं नोकरी केली, मला दिसलेलं दिसलं नाही म्हणून सांगणारे तुम्ही कोण? दीर्घिका त्या जागी आहे, स्पष्ट आहे, आणि तिच्यासमोर फलक लावणं चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे."

"मला तर हातांसकट दिसली," सर म्हणाले.

"सगळ्यांना दिसली," डॉक्टर म्हणाले. "यांनाच तेवढं मान्य नाही. स्वभावच तसा आहे."

आणि मग, सभांच्या इतिहासात कुठे झालं नसेल असं झालं. ज्या माणसाला फलक हवा होता, तो माझ्या दीर्घिकेसाठी हातवारे करून भांडत होता आणि मी ती दिसली नाही म्हणून त्याच्याशी भांडत होतो. अख्खी इमारत त्याच्या बाजूने. सेक्रेटरींनी तिथेच ठराव मांडला: उत्तरेच्या आकाशात दीर्घिका असल्याचं सभासदांनी प्रत्यक्ष पाहिलं असून फलकाला परवानगी नाकारण्यात येत आहे. हात वर झाले. मावशींचाही झाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि हात वर केला.

"विरोधात कोणी?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी हात वर केला. आयुष्यात इतका ताठ हात मी कधी वर केला नव्हता. ठराव एका विरुद्ध सगळ्यांच्या मतांनी मंजूर झाला. ते एक मत माझं आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

लोक खाली गेले. जाताना सर म्हणाले, "काकांना काही पटतच नाही." बायको पिशवीतले मोबाइल वाटून परत आली आणि चादरी उतरवायला लागली.

"थांब," मी म्हणालो. "शेवटची चादर राहू दे." दुर्बीण थोडी हलवून मी तिला पुन्हा शोधून काढलं. "ये. बघ. आणि दिसली नाही तर दिसली नाही म्हण."

तिने डोळा लावला. "नाही दिसत."

"जरा कडेला बघ."

ती बराच वेळ तशीच वाकून उभी राहिली. खाली पालिकेचा नवा दिवा सगळ्या रस्त्यावर चमकत होता. मी तिची पाठ बघत होतो आणि कमिटीपुढे कधी झाली नव्हती इतकी धाकधूक मला होत होती.

"अहो," ती डोळा न हटवता म्हणाली, "हिला खरंच हात नाहीत."